हॉल घुमतो तेव्हा : माइक, डिजिटल इक्वलायझर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या स्पीकरसाठी मोजमापाचा माइक आणि डिजिटल इक्वलायझर वापरायला लागल्यापासून ओळखीचे-अनोळखी लोक हेच प्रश्न फिरवून फिरवून पाठवतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक माझ्याच हॉलची : १६ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच, खाली टाइल्स, तीन बाजूंना पक्की भिंत आणि चौथ्या बाजूला बाल्कनीचं सरकतं दार.

१. रूम करेक्शन म्हणजे नक्की काय? स्पीकर चांगला असेल तर ते कशाला हवं?

स्पीकरमधला आवाज थोडाच सरळ कानाशी येतो, बाकीचा भिंती, छत आणि फरशीवर आपटून येतो. खालच्या पट्टीत तर खोली स्वतःच वाद्यासारखी वागते : काही सूर फुगवते, काही गिळून टाकते. काय किती फुगलं ते माइकने मोजायचं आणि इक्वलायझरने तेवढंच खाली दाबायचं, एवढंच हे काम. स्पीकर महागाचा आणला म्हणून भिंती मागे सरकत नाहीत. उलट असा स्पीकर जास्त खोल खर्ज देतो, त्यामुळे लहान खोलीत पुष्कळदा तोच जास्त घुमतो.

२. काही गाण्यांत बास मस्त वाटतो, काहींत मात्र एकच सूर धम्म धम्म करत राहतो. असं का?

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती तिथे अडकून घुमत राहते. हिशेब सोपा आहे. ध्वनीचा वेग, म्हणजे २५ अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. माझे १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, उत्तर साधारण ३५ हर्ट्झ. १० फुटांच्या रुंदीचं ५७ येतं आणि साडेनऊ फुटांच्या उंचीचं ६०. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांच्या अंगावर बसतात, म्हणून माझ्याकडे ५८ हर्ट्झच्या आसपास ढेकूळच तयार होतं. खाली बास गिटारच्या सप्तकात काळी पाच तिथेच येते. ज्या गाण्यात बास त्या सुरावर ठाण मांडून बसतो, ते गाणं माझ्या हॉलमध्ये ऐकवत नाही. तेच गाणं दोन सूर वर असतं तर तक्रार नसती.

आणखी एक गोष्ट. परदेशी लेखांत ज्या खोल्या असतात त्यांच्या भिंती बहुधा लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या असतात. अशी भिंत थरथरते आणि थोडा बास पिऊन टाकते. आपली विटांची किंवा काँक्रीटची भिंत बराचसा परत फेकते. त्यामुळे ‘त्यांच्या ग्राफमध्ये तर ६ डेसिबलचाच उंचवटा आहे, माझा १२ चा कसा’ म्हणून घाबरू नका.

३. सुरुवातीला काय काय लागतं?

मोजमापाचा एक माइक, एक लॅपटॉप, मोजण्याचं सॉफ्टवेअर आणि दुरुस्ती प्रत्यक्ष लागू करणारं काहीतरी. माइक मिनीडीएसपीच्या यूमिक-१ सारखा यूएसबीचा घेतला तर साउंड कार्ड लागत नाही आणि प्रत्येक नगाच्या सिरियल नंबरप्रमाणे कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) उतरवून घेता येते. एक्सएलआरचा माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) देणारा इंटरफेस हवा. सॉफ्टवेअर म्हणून जॉन मलकाही यांचं रूम ईक्यू विझार्ड, सगळे ज्याला आरईडब्ल्यू म्हणतात, ते फुकट आहे आणि पुरेसं आहे.

दुरुस्ती कुठे लावायची हे गाणी कुठून वाजवता त्यावर ठरतं. सगळं विंडोज लॅपटॉपवरूनच असेल तर इक्वलायझर एपीओ फुकट मिळतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कॅमिलाडीएसपी हे सॉफ्टवेअर चालतं. टीव्ही, टर्नटेबल, सीडी असं सगळंच एका अ‍ॅम्पला जोडलेलं असेल तर अ‍ॅम्पच्या आधी एक वेगळा डीएसपी (दुरुस्तीची आकडेमोड करणारा डबा) बसवावा लागतो.

आणि हो, मोजपट्टी. ती सगळ्यात आधी लागते.

४. मोबाइलचा माइक किंवा कराओकेचा माइक चालणार नाही का?

अंदाज घ्यायला मोबाइल ठीक, दुरुस्ती करायला नाही. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो. वाऱ्याची घरघर नको म्हणून खालचे सूर मुद्दाम कापलेले असतात, वर आवाज आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा असते. म्हणजे जिथे आपल्याला सगळ्यात जास्त नेमकेपणा हवा तिथेच तो खोटं बोलतो. कराओकेचा माइक गळ्यासाठी घडवलेला असतो. जवळ धरल्यावर त्याचा बास फुगतो आणि दूर ठेवल्यावर गळतो.

५. माइक नेमका कुठे ठेवायचा आणि तोंड कुठे करायचं?

ऐकताना तुमचं डोकं जिथे असतं तिथे, कानाच्या उंचीवर, स्टँडवर. हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. मी पहिल्यांदा माइक उशीत खोचून मोजलं होतं आणि ४ किलोहर्ट्झच्या वर सगळं झोपलेलं पाहून ट्विटर जळाला अशी समजूत करून घेतली होती.

तोंडाबाबत नियम एकच : कॅलिब्रेशनच्या ज्या फाइलने मोजता, त्या दिशेला. शून्य अंशाची फाइल असेल तर स्पीकरकडे, ९० अंशाची असेल तर छताकडे. बासमध्ये याने काही फरक पडत नाही, वरच्या सुरांत पडतो.

एका जागेवर विश्वास ठेवू नका. डोक्याच्या जागी एक, डावी-उजवीकडे वीतभर, थोडं पुढे, थोडं मागे असं पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. एखादा उंचवटा सगळ्या ठिकाणी दिसला तर तो खरा. एकाच ठिकाणी दिसला तर सोडून द्या.

६. स्वीप किती मोठा वाजवायचा? घरातले वैतागतात.

सुमारे ७५ डेसिबल, म्हणजे टीव्ही जरा मोठा लावल्याइतका. स्वीप म्हणजे २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारी शिट्टी, साडेपाच सेकंदांची. पंखा, एसी आणि जमलं तर फ्रिज बंद ठेवा. माझ्या पहिल्या संध्याकाळच्या सातपैकी तीन मोजण्या कुकरच्या शिट्ट्यांनी गेल्या आणि चौथीत खालच्या मजल्यावरचा कुत्रा आहे. दुपारी घर रिकामं असताना करा. रात्री केलंत तर शेजारी दार वाजवतील आणि त्यांचं बरोबर असेल.

७. ग्राफ उघडला तर करवतीसारखा दिसतो. माझी खोली इतकी वाईट आहे?

नाही, सगळ्यांचा तसाच असतो. तो कच्चा ग्राफ आहे. बास पाहताना स्मूदिंग (ग्राफ गुळगुळीत करणं) अगदी कमी ठेवा, नाहीतर खरे उंचवटे लपतात. वरच्या पट्टीसाठी एक-षष्ठांश सप्तक किंवा त्याहून जास्त ठेवा, कारण तिथल्या बारीक दात्यांना कान विचारत नाही. उभ्या मोजपट्टीवरही नजर असू द्या. २० डेसिबलची खिडकी लावली की सह्याद्री दिसतो, १०० ची लावली की सगळं गुळगुळीत. ५० ची ठेवा.

८. आधी इक्वलायझर की आधी स्पीकर हलवायचे?

आधी हलवायचे. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, पण माझ्या हॉलमध्ये अर्धं काम यानेच झालं.

आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवून ठेवायची पद्धत आहे. भिंतीपाशी खोलीचे लांबीतले सगळे घुमारे कमाल जोरात असतात. मागच्या भिंतीपासून लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसलं तर बरंच सुधारतं. नेमकं मध्यावर मात्र नको, तिथे पहिला घुमारा पुरता नाहीसा होतो आणि बास गायब वाटतो. माझ्या घरात सोफा दोन फूट पुढे आणायला परवानगी मिळाली, तेवढ्याने ३५ हर्ट्झचा उंचवटा ३ डेसिबलने बसला.

दुसरं, स्पीकर आणि त्याच्या मागची भिंत. भिंतीवरून परतलेला आवाज एका ठरावीक सुराला सरळ आवाजाच्या नेमका विरुद्ध पडतो आणि तो सूर खाऊन टाकतो. स्पीकरचा पुढचा चेहरा भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हा खड्डा १४४ हर्ट्झजवळ येतो, म्हणजे पुरुषाच्या आवाजात. स्पीकर हलवला की खड्डाही हलतो. इक्वलायझरने तो हलत नाही (प्र. १० पाहा).

९. कोणता उंचवटा किती कापायचा? फ्रीक्वेन्सी, गेन, क्यू यात गोंधळ होतो.

पॅरामेट्रिक फिल्टरला तीनच गोष्टी सांगायच्या असतात : कुठे, किती आणि किती रुंद. क्यू म्हणजे रुंदी, पण उलटी. क्यू जितका मोठा, फिल्टर तितका अरुंद. फ्रीक्वेन्सीला क्यूने भागलं की साधारण रुंदी मिळते.

माझं ढेकूळ ५८ हर्ट्झला, आजूबाजूपेक्षा १२ डेसिबल वर, तळाशी बरंच रुंद. मी फिल्टर लावला ५८ हर्ट्झ, उणे ९, क्यू ५. म्हणजे रुंदी १२ हर्ट्झच्या जवळपास. पुन्हा मोजलं, ४ डेसिबल उरले होते. उणे ११ केलं. ३५ ला उणे ६, क्यू ६. तिसरा फिल्टर १०५ ला, अगदी थोडा. संपलं. आरईडब्ल्यू तुम्हाला दहा-बारा फिल्टर काढून देईल, त्यातले पहिले तीन-चार मोठे ठेवा आणि बाकीचे पुसून ऐका. बहुतेक वेळा फरक कळत नाही.

पूर्ण १२ मी मुद्दाम कापले नाहीत. सोफ्यावर दोघं बसतो आणि दुसऱ्याच्या जागी तो उंचवटा ९ चाच आहे.

वॉटरफॉल ग्राफ (प्रत्येक सूर कसा विरत जातो ते दाखवणारा) काढलात तर एक छान गोष्ट दिसेल. खोलीच्या घुमाऱ्यावर नेमका बसणारा फिल्टर आवाज फक्त कमी करत नाही, त्याची शेपूटही आखडते. माझ्याकडे डग्ग्यावरची थाप आधी लांबत जायची, आता वेळेवर थांबते. यासाठी फ्रीक्वेन्सी आणि क्यू दोन्ही जुळावे लागतात, अंदाजपंचे लावलेल्या फिल्टरने हे होत नाही.

१०. उंचवटे कापले. आता ८० हर्ट्झला खड्डा आहे, तो वर उचलू ना?

नका. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोक सर्वांत जास्त नाराज होतात.

खोल, अरुंद खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना मारत आहेत. तुम्ही तो सूर १० डेसिबल वाढवलात की सरळ येणारी लहर वाढते आणि भिंतीवरून परतणारीही तेवढीच वाढते. दोघी पुन्हा एकमेकींना मारतात. खड्डा तिथेच, पण अ‍ॅम्पला त्या सुरावर दहापट ताकद लावावी लागते. ५ वॅटचं काम ५० वॅटचं होतं, वूफरचा कोन बाहेर येऊन नाचतो आणि आवाज फुटतो.

खड्डा कसला आहे हे ओळखायचं असेल तर माइक फूटभर सरकवा. खड्डा भरला किंवा दुसरीकडे गेला तर तो मारामारीतलाच. रुंद, उथळ आणि सगळ्या जागी सारखाच दिसणारा खळगा असेल तर २-३ डेसिबल उचलायला हरकत नाही.

आता माझी फजिती. मी तीन संध्याकाळी ६० ते १५० हर्ट्झमधल्या एका भल्यामोठ्या खड्ड्याशी झगडलो. डावा एकटा मोजला, ठीक. उजवा एकटा, ठीक. दोन्ही मिळून मोजले की बास पाण्यात. चौथ्या दिवशी धूळ पुसायला उजवा स्पीकर फिरवला तर मागे लाल टर्मिनलला काळी वायर. मीच लावलेली. म्हणून डावा, उजवा आणि दोन्ही मिळून अशा तीन मोजण्या कायम घ्या. दोन्ही मिळून बास वाढायला हवा. कमी झाला तर इक्वलायझरला हात लावण्याआधी वायरी बघा.

११. कुठपर्यंत दुरुस्त करायचं? सगळं २० किलोहर्ट्झपर्यंत सरळ करून टाकू?

माझ्यापुरतं उत्तर : २५० हर्ट्झच्या खाली मनसोक्त, वर हात आखडता. याला आधार आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने एक सीमा ओळखली जाते. तिच्या खाली खोलीचे सुटे सुटे घुमारे राज्य करतात, वर ते एकमेकांत मिसळतात आणि स्पीकरचा स्वभाव ऐकू येतो. आवाज विरायला लागणारा वेळ सेकंदांत घ्या, खोलीच्या घनमीटरने भागा, वर्गमूळ काढा, २००० ने गुणा. माझा हॉल ४३ घनमीटरचा, आवाज विरायला ०.६ सेकंद. उत्तर २३६ हर्ट्झ.

वर माइकला जे वर-खाली दिसतं ते बऱ्याच अंशी सरळ आणि परतलेल्या आवाजाची गोळाबेरीज असते. कान ते वेगळं करतो, माइक करत नाही. ते सरळ करायला गेलात तर चांगला स्पीकर बिघडवाल. फार तर रुंद फिल्टरने एकूण झुकाव बदला आणि डाव्या-उजव्याला सारखाच बदला.

१२. सगळं सरळ रेषेत आणलं आणि आवाज पातळ, टोचरा झाला. काय चुकलं?

सरळ रेष हेच चुकलं. चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवला की बसण्याच्या जागी मोजलेला ग्राफ डावीकडून उजवीकडे आपोआप उतरतो. कान त्याला सरावलेला आहे. लक्ष्यरेषा उतरती ठेवा : २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत मिळून साधारण ८ ते १० डेसिबल. उतार किती हे ग्राफ बघून ठरवू नका, आठवडाभर नेहमीची गाणी ऐकून ठरवा. दुरुस्तीनंतर पहिले दोन दिवस बास कमीच वाटतो, कारण आपण त्या धमधमीलाच बास समजत असतो.

१३. अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावला तर इक्वलायझर लागणार नाही ना?

अंड्यांचे ट्रे अंड्यांसाठी ठेवा. ३५ हर्ट्झची लहर जवळजवळ १० मीटर लांब असते, तिला इंच-दोन इंचांच्या फोमचं काहीच वाटत नाही. मात्र टाळी वाजवल्यावर टाइल्सच्या हॉलमध्ये जो टणटण आवाज येतो, त्याला जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट, कापसाची गादी यांचा खरंच उपयोग होतो. आणि ते काम इक्वलायझर करू शकत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

१४. माळ्यावर जुना दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर आहे. तो चालेल?

बाससाठी नाही. त्याच्या पट्ट्या ठरलेल्या जागी असतात : ३१, ६३, १२५ असं दुपटीने. ५८ चं ढेकूळ दाबायला ६३ ची पट्टी ओढलीत तर आजूबाजूचं अख्खं सप्तक खाली येतं.

१५. एव्हीआरने (होम थिएटरच्या रिसीव्हरने) स्वतःच मोजून दुरुस्ती केली. तरी आरईडब्ल्यू हवं का? आणि सबवूफर ३ मीटरवर असताना तो ६ मीटर का दाखवतो?

ऑडिसी, डिराक, यामाहाचं वायपाओ ही सगळी चांगली साधनं आहेत. आधी त्यांनाच काम करू द्या, मग आरईडब्ल्यूने तपासा. त्यांनी मुख्य स्पीकर ‘लार्ज’ ठरवले असतील आणि तुमच्याकडे सब असेल तर ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झला कापा.

अंतर मात्र बदलू नका. एव्हीआर मोजपट्टी लावत नाही, तो आवाज पोहोचायला लागलेला वेळ मोजतो. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आणि डीएसपीमुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो आणि दर मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर. ‘चूक’ सुधारून ३ मीटर टाकलंत तर सब आणि स्पीकर जिथे एकमेकांना हात देतात तिथेच खड्डा पडेल.

१६. लॅपटॉपवर दुरुस्ती लावली, यूट्यूबला लागते पण माझ्या प्लेअरला लागत नाही.

प्लेअर वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ मोडमध्ये (विंडोजला बाजूला ठेवून थेट आवाज पाठवण्याच्या पद्धतीत) असेल. तिथे आवाज इक्वलायझर एपीओला वळसा घालून जातो. शेअर्ड मोड निवडा. आणखी एक : एखादा फिल्टर वर उचलणारा असेल तर प्रीअ‍ॅम्प तेवढाच खाली घ्या, नाहीतर डिजिटल क्लिपिंग होईल, म्हणजे आवाजाची टोकं छाटली जातील. फक्त कापलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

१७. दुरुस्ती लावल्यापासून टीव्हीवर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

एफआयआर फिल्टर (डिजिटल फिल्टरची एक वेगळी जात) लांबलचक असतील तर ते आवाज थांबवून धरतात. प्र. ९ मधले साधे पॅरामेट्रिक फिल्टर जवळजवळ वेळ घेत नाहीत. सिनेमासाठी तेच वापरा.

१८. माझी बेडरूम सव्वाअकरा फुटांची आहे. सतत एक हूं ऐकू येतो. ५० हर्ट्झला कापू?

हे मजेशीर प्रकरण आहे. तेवढ्या लांबीचा घुमारा ५० हर्ट्झलाच पडतो आणि आपली घरातली वीजही ५० हर्ट्झची. वायरिंगमधला एरवी ऐकूही न येणारा हम तुमची खोली मोठा करून दाखवते. आधी स्पीकर बंद करून हम जातो का पाहा, मग केबल टीव्हीची वायर काढून पाहा. ग्राउंड लूपचा (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार होणाऱ्या फेरीचा) सर्वांत नेहमीचा गुन्हेगार तीच असते. घुमारा कापायचा तर कापा, पण आजार झाकायला नको.

१९. मे महिन्यात मोजलं. पावसाळ्यात, थंडीत पुन्हा मोजायचं का?

हवा एक अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. १५ अंशांना ३४०, ३५ अंशांना ३५२. म्हणजे माझा ३५ हर्ट्झचा घुमारा नागपूरसारख्या उन्हाळ्या-हिवाळ्यातही हर्ट्झभरच सरकेल. फार अरुंद फिल्टर लावू नका याचं हे एक कारण. बाल्कनीचं दार उघडं की बंद याने मात्र खूप फरक पडतो, उघड्या दारातून बास सरळ निघून जातो. ज्या अवस्थेत ऐकता त्याच अवस्थेत मोजा. मी दोन प्रीसेट ठेवले आहेत, एकाचं नाव ‘दार उघडं’.

२०. याने शेजाऱ्यांचा त्रास कमी होतो का?

बऱ्यापैकी. भिंतीपलीकडे जातो तो मुख्यतः तोच फुगलेला सूर. मी ५८ हर्ट्झचे ११ डेसिबल कापल्यावर खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं होतं, ‘काय रे, मशीन विकलंस का?’